इंचिक्विनचे बॅरन हेच ओब्रायन कुळाचे प्रमुख मानावेत का?

सनदवाचक
आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतलं ओब्रायन घराणं म्हणजे ब्रायन बोरूचा वंश. हा राजा 1014 मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत पडला. 1543 पासून याच घराण्यात इंचिक्विनचं बॅरनपद, म्हणजे इंग्रज राजानं दिलेली सरदारकीची पदवी, आहे आणि बॅरनलाच कुळप्रमुख म्हणायची रीत आहे. माझ्या मते ती रास्त आहे. ती पदवी देणाऱ्या सनदेत वारस म्हणून पहिला बॅरन मुरो ओब्रायन याचे औरस पुरुष वंशज, एवढं स्वच्छ लिहिलंय. याहून भक्कम आधार कुठला असणार?

भाऊबंद
मुळीच पटत नाही. मुरोला स्वतःला थोमंडची, म्हणजे ओब्रायनांच्या राज्याची, गादी कशी मिळाली ते बघा. 1539 मध्ये त्याचा थोरला भाऊ कॉनर वारला. कॉनरला डोनो नावाचा मुलगा होता, तरी गादी भावाकडे गेली. आयरिश रिवाजात थोरला मुलगा आपसूक वारस होत नसे. एका पणजोबाच्या पुरुष वंशजांतून कर्ता माणूस निवडायचा आणि त्याच्या हयातीतच पुढचा वारस, म्हणजे टॅनिस्ट, ठरवून ठेवायचा. मुरो या वाटेनं वर आला आणि चारच वर्षांत सगळं इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या पायाशी ठेवून सनदेनं परत घेतलं. थोमंडचं अर्लपद (बॅरनहून वरची पदवी) त्याला हयातीपुरतं, नंतर पुतण्या डोनोला. बॅरनपद मात्र स्वतःच्या मुलांना. ही चुलत्या-पुतण्याची वाटणी झाली. तिच्यातून सगळ्या कुळाचा प्रमुख कसा काय निघतो?

शिवाय थोरल्या पातीचाच, म्हणजे शाखेचाच, नियम लावायचा तर ती कॉनरची. थोमंडचे अर्ल 1741 मध्ये संपले. तोवर इंचिक्विनवाले धाकटेच.

जुने दप्तर
1741 ला अर्लांची शाखा संपली, कॉनरची पाती नाही. तिसऱ्या अर्लच्या धाकट्या मुलाचा वंश म्हणजे क्लेअरचे व्हायकाउंट. पदच्युत राजा दुसऱ्या जेम्सच्या बाजूनं लढल्यामुळे त्यांची पदवी जप्त झाली, म्हणून अर्लपद त्यांच्याकडे जाऊ शकलं नाही. पण माणसं फ्रान्सच्या फौजेत नांदत होती, 1774 पर्यंत. पदवी बुडाली म्हणजे वंश बुडाला, असं धरून चालण्याची चूक अशा वंशावळींत वारंवार होते.

सनदवाचक
दुरुस्ती मान्य. पण 1774 नंतर थोरली पाती इंचिक्विनचीच ना? सनदेचा शब्द किती मोलाचा, ते 1855 मध्ये दिसतं. इंचिक्विनच्याच शाखेतले, थोमंडचे तिसरे मार्क्विस (अर्लहून वरची पदवी) निपुत्रिक वारले. त्यांच्या मुख्य पदव्या तीन होत्या. 1800 चं मार्क्विसपद आणि 1654 चं इंचिक्विनचं अर्लपद बुडालं, कारण त्या सनदांतला पुरुष वंश उरला नव्हता. 1543 चं बॅरनपद तेवढं ड्रोमोलंडच्या सर ल्युशियस ओब्रायनकडे गेलं. त्यांचा मूळपुरुष पहिल्या बॅरनचा धाकटा मुलगा. तीनशे वर्षांचं अंतर, तरी 1862 मध्ये लॉर्ड्स सभेनं हक्क मान्य केला.

जुने दप्तर
त्या तीनशे वर्षांतलं अवघड काम कोणतं, तेही सांगायला हवं. स्वतःची ओळ जुळवणं त्यातल्या त्यात सोपं: दर पिढीला लग्न आणि औरस जन्म. खरी मेहनत दुसरीकडे. दर पिढीतला प्रत्येक थोरला भाऊ आणि त्याचे सगळे पुरुष वंशज संपले, हे दाखवावं लागतं. मुरो, डोनो, कॉनर हीच नावं फिरून फिरून येतात, त्यामुळे चुलता-पुतण्या एकच समजले जातात. 1752 पूर्वी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून फेब्रुवारीतला मृत्यू एक वर्ष आधीचा वाटतो. आज हे काम नव्यानं करणाऱ्याला जास्त जड, कारण 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत मृत्युपत्रं जळाली. 1708 पासूनची खतनोंदणी शाबूत आहे, तिथूनच सुरुवात करावी.

भाऊबंद
हे सगळं बॅरनपदासाठी ठीक. कुळप्रमुखपदाला हीच फूटपट्टी आयर्लंडच्या सरकारी वंशावळ कार्यालयानं 1940च्या दशकात लावली आणि शेवटच्या अभिषिक्त प्रमुखाच्या थोरल्या पुरुष ओळीला मान्यता देऊ लागलं. त्यात 1992 मध्ये मॅकार्थी मोर ही मॅकार्थी कुळाच्या प्रमुखाची पदवी बनावट वंशावळीवर दिली गेली. 1999 मध्ये ती रद्द करावी लागली आणि 2003 मध्ये ती प्रथाच बंद झाली. बॅरनला बॅरन म्हणा, माझी हरकत नाही. प्रमुख ज्यांनी निवडायचा ते भाऊबंद 1543 ला विचारलेच गेले नव्हते.

सनदवाचक
आज ते भाऊबंद जगभर हजारोंनी आहेत. पणजोबाची मर्यादा कुणापासून मोजणार, तेवढं सांगा.