मदत हवी आहे: हायड्रोजन साठवणुकीवरचं संशोधन सोप्या भाषेत कसं सांगू?

आमचे रसायनशास्त्राचे सर निवृत्त होत आहेत. समारंभात त्यांच्या कामाची ओळख मी करून द्यायची आहे, आणि समोर बहुतेक मंडळी विज्ञानाबाहेरची! सरांची उभी हयात धातूंच्या हायड्राइडमध्ये (म्हणजे धातू आणि हायड्रोजन यांच्या संयुगांत) हायड्रोजन साठवण्यात गेली.

इतकं जमतंय: एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते, पण हा वायू जागा फार खातो. म्हणून गाड्यांच्या टाक्यांमध्ये तो ७०० बार दाबाने (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) भरतात, नाहीतर उणे २५३ अंशांना द्रवरूप करतात. सरांचा रस तिसऱ्या वाटेत, म्हणजे हायड्रोजन घन पदार्थात मुरवण्यात.

इथून पुढे गाडी अडते. लँथेनम-निकेल मिश्रधातू साध्या तापमानाला हायड्रोजन घेतो आणि सोडतो, पण वजनाच्या जेमतेम दीड टक्का. मॅग्नेशियम साडेसात टक्क्यांपर्यंत घेतं, मात्र सोडायला ३०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. १९९७ साली बोग्दानोविच आणि श्विकार्डी या रसायनशास्त्रज्ञांनी सोडियम अलानेटमध्ये (सोडियम, अ‍ॅल्युमिनियम आणि हायड्रोजन यांचं संयुग) उत्प्रेरक म्हणून टायटॅनियम मिसळलं, की ते हायड्रोजन सोडून पुन्हा घेऊही शकतं हे दाखवलं. सर त्याच प्रकारच्या उत्प्रेरकांमागे लागले. हवा लागली की पेटू शकणारी ती हायड्राइडची राखाडी भुकटी, ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) हात घालून तासन्‌तास दळणारे सर, हे अजून डोळ्यांसमोर आहे.

‘मग बाजारात काय आलं?’ असं कुणी विचारलंच तर काय सांगू? उगाच फुगवून सांगितलेलं सरांना अजिबात खपणार नाही. अशी भाषणं केलेल्यांनी कृपया सुचवा: टक्केवारी सांगू की गाळू? आणि उत्प्रेरकाचं काम दोन वाक्यांत कसं मांडाल?