मदत हवी आहे: हेइहे की आयहुई? अमूरकाठच्या या शहराची 'स्थापना' कधीची धरायची?

सीमारेषा

हेइलोंगच्यांग प्रांतातल्या हेइहे शहरावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहितोय. अमूर नदीचा उजवा काठ, समोर रशियाचं ब्लागोव्हेश्चेन्स्क. भूगोलाचा भाग झाला, गाडी अडलीय ती 'प्रशासकीय इतिहास' या विभागात.

स्थापनेची सालं चार मिळतात: १६८३, १९०८, १९८० आणि १९९३. नावं पाच: आयगुन, आयहुन, आयहुई, साखाल्यान, हेइहे. ही एकाच गावाची आहेत का? १९९३च्या आसपास लोकसंख्या एकदम काही पटींनी उडी मारते, ते कसं? आणि श्येन, छू, शी, थिंग या चिनी प्रशासकीय घटकांना मराठीत काय म्हणायचं?

सध्याचं पहिलं वाक्य असं आहे: "हेइहे (जुने नाव आयगुन) हा हेइलोंगच्यांग प्रांतातील जिल्हा असून त्याची स्थापना १६८३ मध्ये झाली." कुठे चुकतंय ते सांगा.

दप्तरदार

एका वाक्यात तीन चुका आहेत. आधी सर्वात मोठी घेऊ.

आयगुन हे हेइहेचं जुनं नाव नाही. ही दोन वेगळी गावं आहेत, दोन्ही उजव्या काठावर. आयगुन (चिनी उच्चार आयहुन, आता आयहुई) नदीच्या प्रवाहाच्या दिशेने साधारण तीस किलोमीटर खाली आहे. आज ते हेइहेच्या हद्दीतलं एक लहान गाव आहे. हेइहे शहर वाढलं ते 'मोठी हेइहे वस्ती' म्हणजे ताहेइहे-थुन या वेगळ्या गावातून. साखाल्यान हे याच ताहेइहेचं मांचू वळणाचं नाव, जुन्या रशियन आणि पाश्चात्त्य नकाशांवर तेच छापलेलं असतं. मांचू भाषेत 'साहाल्यान' म्हणजे काळा. साखालिन बेटाचं नावही याच शब्दावरून आलंय, त्यामुळे शोध घेताना दोन्हींची भेसळ होते, जपा.

आता १६८३. त्या साली छिंग (चीनचं शेवटचं, मांचू राजघराणं) दरबाराने हेइलोंगच्यांगचा च्यांगच्युन, म्हणजे लष्करी गव्हर्नर, नेमला आणि त्याचं ठाणं आयहुनला ठेवलं. पण हे पहिलं आयहुन नदीच्या *डाव्या* काठावर होतं, आणि ती जागा आज रशियात आहे. दोनेक वर्षांत ठाणं उजव्या काठावर आणलं, नावही सोबत आलं. पुढे गव्हर्नरची कचेरी १६९०मध्ये मेर्गेनला (आजचं नेनच्यांग) आणि १६९९मध्ये छिछिहारला गेली. आयहुनला उरला उपसेनापती. म्हणजे १६८३ हे हेइहे शहराचं साल तर नाहीच, आजच्या आयहुई गावाचंसुद्धा पुरतं नाही. ते एका पदाचं साल आहे.

या शहराची एकच सलग साखळी शोधू नका. तीन रकाने करा: वस्ती कुठली, कचेरी कुठे, आणि घटकाचं नाव व दर्जा काय. प्रत्येक साल नेमक्या एका रकान्यात जातं. दोन रकान्यांत बसतंय असं वाटलं की काहीतरी गफलत आहे, असं खुशाल समजा.

सीमारेषा

बापरे. म्हणजे १८५८चा आयगुनचा तह हेइहेच्या लेखात घ्यायचाच नाही का?

दप्तरदार

घ्या, पण "हेइहेजवळच्या आयगुन गावात" असं लिहा. त्या तहाने डावा काठ रशियाकडे गेला आणि नदी सरहद्द झाली, म्हणून दोन्ही गावांच्या इतिहासात तो येतो. १९०० साली रशियन सैन्याने आयगुन जाळलं. पुढे कारभाराचं वजन ताहेइहेकडे सरकलं, त्यामागे हे एक कारण आहे. दुसरं म्हणजे ताहेइहे बरोबर ब्लागोव्हेश्चेन्स्कच्या समोर आहे, व्यापार तिथेच होणार.

१९०८ला मंजुरी मिळाली ती दोन *वेगवेगळ्या* मुलकी घटकांना: ताहेइहेला हेइहे-फू आणि आयहुनला आयहुन थेट-थिंग (कुठल्या फूच्या हाताखाली नसलेला थिंग). उपसेनापतीचं पद रद्द झालं. म्हणजे लष्करी अंमल जाऊन मुलकी आला. 'हेइहे' हे नाव प्रशासकीय घटकाला प्रथम लागलं ते इथे. त्यामुळे १९०८ महत्त्वाचं साल आहे, पण 'शहराची स्थापना' म्हणून नाही.

१९१२-१३मध्ये नव्या चिनी प्रजासत्ताकाने देशभरचे फू, थिंग, चौ मोडीत काढून सगळीकडे श्येन (तालुक्यासारखे घटक) केले. हेइहे-फू गेलं, उरलं आयहुन श्येन. त्याच्या वरच्या पातळीवर हेइहे-ताओ आलं, कचेरी ताहेइहेला. १९२९ला देशभरचे ताओही रद्द झाले. म्हणजे काही वर्षं 'हेइहे' हे वरच्या घटकाचं नाव आणि 'आयहुन' खालच्या घटकाचं. ही जोडी लक्षात ठेवा, १९९३ला अगदी तशीच पुन्हा येते.

मांचुक्वोच्या (ईशान्य चीनमधलं जपानच्या ताब्यातलं राज्य) काळात १९३४ला हेइहे *प्रांत* झाला, हूमा आणि मोहेपर्यंत पसरलेला. तो १९४५ला संपला. इथे एक फसगत नेहमी होते. आज हेइहेच्या हाताखाली असलेलं पेइआन त्या प्रांतात नव्हतं, १९३९पासून त्याचा स्वतंत्र पेइआन प्रांत होता. आजची हद्द मागे नेऊन "१९३४च्या प्रांतात पेइआनचा समावेश होता" असं लिहिलेलं दिसलं तर सरळ खोडा.

शब्दखूण

आयहुन-आयहुईचा घोळ मी सोडवतो, तो निव्वळ अक्षरांचा आहे. जुन्या नावातली दोन्ही अक्षरं अवघड आणि फारशी न वापरली जाणारी. १९५६मध्ये श्येनच्या नावासाठी सोपी अक्षरं घेतली, 'प्रेम' आणि 'तेज' अर्थाची, उच्चार आयहुई. २०१५मध्ये गावाच्या नावाला जुनी अक्षरं परत मिळाली. शहरातल्या छूच्या (दीजी-शीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या मोठ्या शहराच्या, हद्दीतला विभाग) नावात मात्र १९५६चीच सोपी अक्षरं राहिली. त्यामुळे आज चिनी लिपीत दोन 'आयहुई' आहेत: जुन्या अक्षरांचं गाव आणि नव्या अक्षरांचा छू. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून 'आयहुई गाव' आणि 'आयहुई छू' असं दरवेळी पूर्ण लिहा.

आणि जुन्या नावातलं दुसरं अक्षर हुनचुन शहराच्या नावातही आहे, तिथे त्याचा उच्चार 'हुन' आणि इथे 'हुई'. एकच अक्षर, दोन उच्चार. 'आयहुन' चूक नाही, जुना उच्चार आहे. १९५६पूर्वीच्या मजकुरात 'आयहुन' आणि नंतरच्या मजकुरात 'आयहुई' ठेवलं की वाचकाला कालखंडही कळतो.

याचं एक सुंदर उदाहरण भूगोलाच्या पुस्तकांत आहे. भूगोलतज्ज्ञ हू हुआनयोंग यांनी १९३५ला चीनच्या लोकसंख्येची दाट आणि विरळ अशी विभागणी करणारी तिरकी रेषा मांडली. ती आधी आयहुन–तेंगचोंग, मग आयहुई–तेंगचोंग आणि आता हेइहे–तेंगचोंग रेषा म्हणून ओळखली जाते. रेषा जागची हलली नाही, टोकाला असलेल्या घटकाचं नाव बदलत गेलं.

पंचांग

तारखांबद्दल. चिनी स्थानिक इतिहासग्रंथ राजवटीच्या वर्षांत (त्या सम्राटाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष) लिहितात. बेरीज अशी: कांगशी वर्षात १६६१ मिळवा, क्वांगश्यूमध्ये १८७४, श्युआनथोंगमध्ये १९०८, प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११. मांचुक्वोच्या तातोंग वर्षात १९३१ आणि कांगदे वर्षात १९३३. पडताळून बघा: कांगशी २२ म्हणजे १६८३, क्वांगश्यू ३४ म्हणजे १९०८, कांगदे १ म्हणजे १९३४.

एक अडचण राहते. छिंग काळातलं वर्ष चांद्र असतं. क्वांगश्यू ३४ हे फेब्रुवारी १९०८ला सुरू होऊन जानेवारी १९०९मध्ये संपतं. अकराव्या-बाराव्या चांद्र महिन्यातली नोंद असेल तर साल एकने पुढे जाऊ शकतं. शिवाय मंजुरीची तारीख वेगळी आणि कचेरी प्रत्यक्ष उघडल्याची वेगळी. दोन ग्रंथांत एका वर्षाचा फरक दिसला तर बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. 'मंजुरी' की 'कामकाज सुरू' एवढा शब्द घातला की भांडण मिटतं.

शब्दखूण

संज्ञांचं राहिलंच. श्येनला 'जिल्हा' म्हणू नका. एकदा म्हटलंत की शहरातल्या छूलाही जिल्हा म्हणावं लागतं आणि लेखाचा चिखल होतो. आपल्याकडच्या चौकटीत बसवायचं तर दीजी-शी जिल्ह्याच्या पातळीवर येते, श्येन तालुक्याच्या. पण 'तालुका' असं थेट भाषांतरही नको, कारण श्येनला स्वतःचं पूर्ण सरकार असतं, आपल्या तहसील कचेरीसारखं नाही. पहिल्यांदा 'श्येन (तालुक्यासारखा घटक)' असं लिहा, पुढे नुसतं श्येन. शीचं मात्र दरवेळी स्पष्ट करा: 'दीजी-शी' की 'श्येनजी-शी' (श्येनच्या दर्जाची). नुसतं 'शहर' लिहिलंत की १९८० आणि १९९३मधला फरक तिथेच बुडाला.

आणि 'फू' सांभाळा. उपसेनापती म्हणजे फू-दूथोंग, त्यातला 'फू' म्हणजे उप. हेइहे-फूमधला 'फू' हा प्रशासकीय घटक. देवनागरीत सारखे, चिनीत संबंध शून्य.

सीमारेषा

खूपच उपयोगी. १९८० आणि १९९३चं कोणी सांगेल का? लोकसंख्येची उडी तिथेच आहे.

आकडेमोड

१९८०: आयहुई श्येनमधून हेइहे गाव वेगळं काढून श्येनच्या दर्जाची हेइहे शी केली. १९८३: उरलेला आयहुई श्येन रद्द, सगळा भाग या शीत विलीन. फेब्रुवारी १९९३: वरचा हेइहे तीच्छू (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि खालची हेइहे शी, दोन्ही एकदम रद्द. त्यांच्या जागी दीजी-शी हेइहे आली आणि जुन्या लहान शीच्या हद्दीचा आयहुई छू झाला. आदल्या वर्षी, १९९२ला, हुनचुन, स्वेइफनहे आणि मानचौलीसोबत हेइहे सरहद्दीवरचं खुलं शहर जाहीर झालं होतं, ही पार्श्वभूमी एका ओळीत द्या.

उडीचं उत्तर यातच आहे. १९९३पूर्वीची 'हेइहे शी' म्हणजे आजचा आयहुई छू. नंतरची 'हेइहे शी' म्हणजे एक छू, पेइआन, वूतालिएनछी आणि नेनच्यांग या तीन श्येनजी-शी, आणि श्युनखं व सुनवू हे दोन श्येन. २०२०च्या जनगणनेत सगळी मिळून साडेबारा लाखांवर, एकटा आयहुई छू दोन लाखांच्या थोडा वर. या दोन रकमा एका आलेखात जोडल्या की उडी दिसणारच.

ओळखायची सोपी खूण म्हणजे सहा आकडी प्रशासकीय संकेतांक. पहिले दोन आकडे प्रांताचे (हेइलोंगच्यांग २३), मधले दोन दीजी पातळीचे, शेवटचे दोन श्येन पातळीचे. दीजी-शीच्या हाताखाली शेवटी ०१ ते २० असेल तर छू, २१ ते ८० श्येन, ८१पासून पुढे श्येनजी-शी. आजचं हेइहे २३११००, आयहुई छू २३११०२. नेनच्यांग २३११२१ होतं, २०१९ला श्येनची शी झाल्यावर २३११८३ झालं. जुन्या तीच्छूचा संकेतांक २३२६००. तक्त्यात '२३२६'ने सुरू होणारा आकडा दिसला की तो मजकूर १९९३च्या आधीचा, मथळ्यात काहीही लिहिलेलं असो.

अजून एक: नुसतं 'हेइहे' शोधलं तर कान्सू प्रांतातल्या त्याच नावाच्या नदीच्या पाणीवाटपाचे ढीगभर निबंध येतात. सोबत प्रांताचं नाव टाका.

सीमारेषा

सुधारून लिहिलंय: "हेइहे ही हेइलोंगच्यांग प्रांतातील दीजी-शी आहे. तिचे मुख्य शहर ताहेइहे या वस्तीतून वाढले. 'हेइहे' हे नाव १९०८मध्ये हेइहे-फूच्या रूपाने प्रशासनात आले. १९८०मध्ये श्येनजी-शी आणि १९९३मध्ये दीजी-शी स्थापन झाली. त्या वेळी आयहुई श्येनचे रूपांतर आयहुई छूमध्ये झाले." वाचकाला कळावं म्हणून कोल्हापूर आणि करवीर तालुक्याची तुलना देऊ का? शहराचं नाव एक, त्याच्या तालुक्याचं जुनं नाव दुसरं.

दप्तरदार

तुलना चपखल आहे, पण अर्धीच. करवीर हे कोल्हापूरचंच जुनं नाव. आयहुई हे तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाचं नाव, जे श्येनमार्फत शहराच्या छूला चिकटलं. श्येनची कचेरी मांचुक्वोच्या काळातच आयहुनहून हेइहेला आली होती, नाव तेवढं जुन्या गावाचं राहिलं. तुलना चर्चापानावर ठेवा, लेखात नको.

शेवटचं वाक्य मात्र चुकलंय. १९९३ला आयहुई श्येन अस्तित्वातच नव्हता, तो १९८३ला गेला. छू झाला तो श्येनजी-शी हेइहेचा. असं करा: "त्या वेळी पूर्वीच्या श्येनजी-शी हेइहेचे रूपांतर आयहुई छूमध्ये झाले; १९८३मध्ये रद्द झालेल्या श्येनचे नाव छूला देण्यात आले."

सीमारेषा

बदललं. माहितीचौकटीत 'स्थापना'समोर काय टाकू?

दप्तरदार

'स्थापना' रकाना रिकामा ठेवा. 'दीजी-शी दर्जा' असा वेगळा रकाना करून तिथे १९९३ टाका.