‘पेन पॉइंट’ नक्की कशाला म्हणायचं? – अनुभव धागा

हल्ली मीटिंगमध्ये कुणीही ‘हा आमचा पेन पॉइंट आहे’ म्हणून मोकळं होतं. पेन म्हणजे इथे दुखणं. ढोबळ अर्थ असा की कामात एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा, वेळ, पैसा किंवा डोकं खाणारा त्रास. सर्व्हर एकदाच बसला तर तो पेन पॉइंट नव्हे, दर महिनाअखेरीला बसत असेल तर आहे. तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात? व्याख्या नकोत, घडलेलं लिहा.

आयटी सपोर्ट
आम्ही आयटीआयएलवाले, म्हणजे आयटी सेवा सांभाळायच्या पद्धतींची एक ठरलेली चौकट पाळणारे. त्यात ‘इन्सिडंट’ म्हणजे सेवा अडली ती घटना आणि ‘प्रॉब्लेम’ म्हणजे अशा घटनांमागचं कारण. पेन पॉइंट मात्र वापरणाऱ्याच्या बाजूने बघावा लागतो. पासवर्ड रीसेटचंच घ्या. तिकीट (तक्रारीची नोंद) मिनिटांत बंद, एसएलए (ठरल्या वेळेत सेवा द्यायचा करार) पाळलेला, रिपोर्ट हिरवागार. आणि रजेवरून परतलेला माणूस दर वेळी तसाच लॉगिनच्या बाहेर ताटकळत.

विक्री
आमच्या धंद्यात हा शब्द पार झिजलाय. प्रेझेंटेशनमध्ये ‘ग्राहकाचे पेन पॉइंट्स’ अशी स्लाइड असतेच आणि योगायोग बघा, आपलं प्रॉडक्ट जेवढं करतं नेमके तेवढेच त्रास ग्राहकाला असतात!
थेट विचारलं तर लोक ‘तसं काही नाही’ म्हणतात. म्हणून मी विचारते, मागच्या वेळी हे काम केलंत तेव्हा सुरुवातीपासून काय काय केलंत? एका अकाउंटंट बाई सांगता सांगता सहज म्हणाल्या, “मग तेच सगळं मी एक्सेलमध्ये परत भरते.” त्यांना त्यात वावगं काही वाटतच नव्हतं. अंगवळणी पडलेला त्रास कुणी तक्रार म्हणून सांगत नाही. माणसाने स्वतःपुरती शोधलेली आडवाट दिसली की मी तिथे थांबते, पुढचे प्रश्न तिथूनच.

कारखाना, क्वालिटी
आमच्याकडे पॅरेटो चार्ट (कुठला दोष किती वेळा आला ते उतरत्या खांबांत दाखवणारा तक्ता) काढतात आणि सगळ्यात उंच खांबाला पेन पॉइंट म्हणतात. पण तो खांब संख्येचा. किरकोळ ओरखडे शंभर वेळा येतात, चुकीचं लेबल क्वचितच. पण लेबल चुकलं की अख्खी बॅच परत येते. टोयोटाची ‘पाच वेळा का’ पद्धतही वापरतो, म्हणजे प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का?’ विचारत मूळ कारणापर्यंत जायचं. तिसऱ्या ‘का’ला उत्तर दुसऱ्या विभागात जातं आणि चर्चा तिथेच संपते.

एचआर
कर्मचाऱ्यांचे पेन पॉइंट्स शोधायला निनावी सर्व्हे काढला होता. पहिलाच प्रश्न आला, “व्यक्तीचं नाव लिहिलं तर चालेल का?”

स्टार्टअप
गुंतवणूकदारांचा ठरलेला प्रश्न असतो, तुमचं प्रॉडक्ट पेनकिलर की व्हिटॅमिन? म्हणजे त्याच्याशिवाय अडतं, की असलं तर बरं. मग सगळेच पेनकिलर म्हणतात. माझी कसोटी साधी आहे: या त्रासावर ग्राहक आजही पैसे किंवा माणसं खर्च करतोय का? नसेल, तर ती नुसती कुरकुर.
विक्रीवाल्या ताई, त्या बाईंच्या कंपनीने शेवटी सॉफ्टवेअर घेतलं का?

विक्री
नाही हो. भरायचं बाईंनी, सही साहेबांची. साहेबांच्या मते एक्सेलमध्ये सगळं व्यवस्थित चाललंय.