पेरोनीमध्ये (लिंगाला बाक येण्याचा आजार) ट्रॅक्शन, म्हणजे लिंग ताणून धरणारं डिव्हाइस, रोज किती वेळ?
वर कोणीतरी म्हटलंय की रोज सहा-आठ तास डिव्हाइस लावून बसणं नोकरी करणाऱ्याला जमणारच नाही, त्यामुळे ट्रॅक्शनचा नादच सोडा. जुन्या डिव्हाइसेसबाबत पटतं, पण रेस्टोरएक्स नावाच्या डिव्हाइसची जी ट्रायल 2019 मध्ये आली त्यात वापर रोज 30 ते 90 मिनिटंच होता, त्यात नुसतं सरळ ओढत नाहीत तर बाकाच्या उलट बाजूला वाकवताही येतं. तीन महिन्यांत बाक सरासरी 12 अंशांच्या आसपास कमी झाला, म्हणजे 60 अंशांचा बाक पार सरळ होईल अशी आशा धरू नका, पण लांबीही थोडी वाढली, आणि टाके घालून सरळ करायच्या ऑपरेशनमध्ये ती उलट कमी होऊ शकते, मला तरी हे फार मोठं वाटतं.

आणि प्लीज, लावलेलं असताना लिंगाचं टोक निळसर, गार किंवा बधिर झालं तर लगेच काढा, लावून झोपू तर अजिबात नका, झोपेत हे कळतच नाही.