२६ जानेवारीचा सत्कार : माजी सैनिक कोणाला म्हणावे?

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. झेंडावंदनानंतर आपल्या सोसायटीतील माजी सैनिकांचा सत्कार ठरला आहे. परंतु यादीतील दोन नावांवर हरकती आल्या आहेत. बी विंगचे काका सैन्यात स्वयंपाकी होते आणि डी विंगचे काका सीआरपीएफमधून (केंद्रीय राखीव पोलीस दलातून) निवृत्त झाले आहेत. कृपया आपले मत आजच कळवावे.

सी-३०४ : ज्याने सीमेवर बंदूक धरली, तोच सैनिक. कोणाचा अवमान करण्याचा हेतू नाही, पण सर्वांना एकाच पंक्तीत बसवले तर त्या शब्दाची किंमत राहत नाही.

ए-१०२ : सचिव साहेब, मी स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांत माजी सैनिकाची व्याख्या दिलेली आहे आणि तिच्यात भूदल, नौदल व हवाई दलातील कोणत्याही हुद्द्याचा माणूस येतो, मग तो लढाऊ असो वा बिगरलढाऊ. नियम पुढे एवढेच पाहतो, की तो घरी कसा आला : पेन्शन घेऊन, सेवेत आलेल्या अपंगत्वामुळे, की ठरलेली मुदत पुरी करून. बडतर्फ झालेल्याला हा दर्जा मिळत नाही. गोळी किती वेळा झाडली, हे कोणी विचारत नाही.

आमच्या पोस्टवर लंगरचा, म्हणजे स्वयंपाकघराचा, जवान पहाटे तीनला स्टोव्ह पेटवायचा. थंडीने गोठलेल्या पत्र्याच्या डब्याला त्याच्या बोटांची कातडी चिकटायची आणि तरी गस्तीवरून परतलेल्या आम्हाला गरम चहा त्याच हातांनी मिळायचा. बी विंगच्या काकांचे नाव यादीतून काढणार असाल, तर आधी माझे काढा.

डी विंगच्या काकांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. सीआरपीएफ हे गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतले दल आहे, संरक्षण मंत्रालयाच्या नाही. त्यामुळे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना किंवा वन रँक वन पेन्शन (समान हुद्दा व समान सेवेला समान पेन्शन) लागू नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवाम्यात याच दलाचे ४० जवान गेले, तरीही नियम तोच आहे. २०१२ मध्ये गृह मंत्रालयाने या दलांतील निवृत्तांना 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' असे स्वतंत्र नाव दिले. ते नाव लांबलचक आहे, पण त्यांचे हक्काचे आहे आणि प्रमाणपत्रावर तेच असावे.

वेगळ्या नावाने मान कमी होतो, असे निदान मराठवाड्यात तरी कोणी म्हणू नये. निजामाच्या राजवटीत रझाकारांशी लढलेली आपल्या गावोगावची माणसे कोणत्याही पलटणीत नव्हती. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून वंदन करतो, माजी सैनिक म्हणून नाही. म्हणून माझी विनंती आहे, की शाल एकच असावी, रांग एकच असावी आणि वयाने ज्येष्ठ म्हणून पहिली खुर्ची डी विंगच्या काकांना द्यावी.

सी-३०४ दादा, आपला पुतण्या अग्निवीर आहे, म्हणजे ४ वर्षांच्या मुदतीवर सैन्यात भरती झालेला, म्हणून आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. ४ वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम होतील. बाकीच्यांना सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, मिळेल, पण पेन्शन नाही आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. आपल्या कसोटीने तो सैनिकच ठरतो, कागद मात्र तसे म्हणणार नाही. तो परत येईल तेव्हा त्याला काय म्हणायचे, हे आपल्याला लवकरच ठरवावे लागेल आणि मला ते अद्याप सुचलेले नाही.

सी-३०४ : सुभेदार साहेब, बी विंगच्या काकांच्या बाबतीत माझे चुकले, मी उद्या त्यांना भेटून येतो. सीआरपीएफचे नाव वेगळे राहणार असेल, तर माझी हरकत नाही. पुतण्याबद्दल आपल्याशी प्रत्यक्ष बोलायचे आहे.

डी-२०१ : नमस्कार. यांनी सर्व मेसेज वाचले आहेत. प्रमाणपत्रावर बटालियनचा क्रमांक असावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. तो मी संध्याकाळी सचिवांकडे लिहून देते.