जंक्शन कुठे घालायचं

एसडब्ल्यूएमएम (SWMM) या प्रोग्राममध्ये पावसाच्या गटारांचं मॉडेल करताना प्रत्येक चेंबरला जंक्शन, म्हणजे पाइप जोडणारा बिंदू, घाला असं कुणीतरी सुचवलंय. मला ते पटत नाही. पाइपचा उतार, मोजमाप किंवा दिशा बदलते तिथे आणि दोन गटारं मिळतात तिथे पुरे. पाइपचे ५ मीटरचे तुकडे पाडलेत तर डायनॅमिक वेव्हला (प्रवाह मोजायच्या सविस्तर पद्धतीला) एका सेकंदाच्या आसपासचा टाइम स्टेप, म्हणजे गणिताचा टप्पा, लागतो, नाहीतर पाण्याची पातळी करवतीसारखी वरखाली नाचते.

एसडब्ल्यूएमएममध्ये नव्या जंक्शनचा इन्व्हर्ट (तळाची उंची) शून्यच असतो, तो हाताने भरा. ६० मीटरची लाइन २.१० वरून १.८० वर उतरत असेल तर २० मीटरवरच्या नव्या जंक्शनला २.००. मग जुन्या कंड्युइटचा (पाइपचा) आउटलेट नोड, म्हणजे खालच्या टोकाचा बिंदू, बदलून नवं जंक्शन द्या आणि लांबीही २० करा. ती आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका. जंक्शनची मॅक्स डेप्थ (तळापासून जमिनीपर्यंतची खोली) शून्य सोडलीत तर प्रोग्राम सर्वात उंच पाइपचा माथाच जमीन धरतो, आणि रस्ता मीटरभर वर असूनही पूर दाखवतो.

पणजीसारख्या सखल भागात मांडवी नदीची भरती मॉडेलमध्ये हवीच. प्रोग्राममधला टायडल कर्व्ह (भरतीचा २४ तासांचा आलेख) रोज त्याच वेळी फिरतो, खरी भरती मात्र रोज साधारण ५० मिनिटं सरकते. म्हणून दोन-तीन दिवसांच्या पावसाला टाइम सिरीज (तारीख-वेळेनुसार पातळ्यांची यादी) द्या. भरती-कोष्टकातले आकडे चार्ट डेटमवरचे (ओहोटीच्या खालच्या पातळीजवळच्या शून्यापासूनचे) असतात, सर्व्हेचे समुद्रसपाटीवरचे. ते जुळवल्याशिवाय टाकू नका.