इंदूरमध्ये दिवसभर लावून ठेवायला कोणतं एफएम बरं?

शिलाईवाली_रामबाग: रामबागेत माझं छोटं शिलाईचं दुकान आहे, मशीनवर दोघी मुली आणि तिसऱ्या खुर्चीवर सासूबाई काजं-बटणं करत बसतात. मुलींना नवी गाणी पाहिजेत आणि आईंना जुनी, त्यातही मराठी लागलं तर उत्तमच. आत्ता एक स्टेशन लावतो तर तेच गाणं सकाळी, तेच दुपारी, मधे जाहिराती इतक्या की आई म्हणतात गाणं हे जाहिरातीच्या मधे वाजवतात वाटतं 😀 मोबाईलवर नको, फोन आला की बंद पडतं. सुचवा ना कुणीतरी.

पोहेवाला_भिया: ताई, मुलींसाठी मिर्ची 98.3, माय एफएम 94.3, रेड 93.5 यातलं कोणतंही लावा, उन्नीस-बीस आहे सगळं. मिर्ची तर 2001 मध्ये आपल्या इंदुरातच पहिल्यांदा सुरू झाली, मुंबई-दिल्लीच्या आधी, एवढा मान तर द्यायलाच पाहिजे.

माजी_स्पॉटविक्या: मी काही वर्षं एका खाजगी स्टेशनच्या सेल्समधे होतो म्हणून सांगतो, तेच तेच गाणं येतं ते चुकून नाही, मुद्दाम असतं. लोकांना फोन करून गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवतात, आवडलं का, कंटाळा आला का असं विचारतात, त्यात जी वर येतात ती थोडीशीच गाणी सॉफ्टवेअर दिवसभर फिरवतं. आरजेला वाटलं म्हणून गाणं लागतं असं सहसा होत नाही, त्याच्या हातात दोन गाण्यांमधली बडबड. हिशोब असा की माणूस गाडीत वीस मिनिटं ऐकतो, तेवढ्यात त्याला हिट गाणं मिळालंच पाहिजे. दुकानात आठ तास ऐकणारा त्या हिशोबातच नाही! आणि स्पॉट, म्हणजे जाहिरातीची वेळ, सगळ्यात महाग सकाळी आणि संध्याकाळी, लोक ऑफिसला जातात-येतात तेव्हा, म्हणून जाहिरातींचा मारा पण तेव्हाच. दुपारी जरा श्वास मिळतो. बातम्यांचं म्हणाल तर खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, फार तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा. ट्रॅफिक, हवामान, परीक्षेचे निकाल वगैरे चालतं, म्हणून पलासियाचा जाम एवढा रंगवून सांगतात.

मावशी_सुदामानगर: अगं सरळ विविध भारती लाव, 101.6. सकाळी भूले बिसरे गीत, संध्याकाळी फौजी भावांची जयमाला, रात्री 10 ला छायागीत. निवेदक शांतपणे बोलतात, कुणी अंगावर ओरडत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरात तेच चालू असतं, मिस्टर म्हणतात बदल, मी बदलत नाही.

शिलाईवाली_रामबाग: मावशी, मुली झोपतील हो त्याने 😅

मावशी_सुदामानगर: मग वाटणी कर ना. दुपारपर्यंत सासूबाईंचं, चहानंतर मुलींचं.

पोहेवाला_भिया: मराठी मात्र या खाजगी स्टेशनांवर शोधू नका, इथे जाहिरात देणाऱ्याला गिऱ्हाईक हिंदीवालं पाहिजे, सगळा खेळ तिथेच आहे. मराठीसाठी आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर मुंबईची अस्मिता वाहिनी लागते, जुना फोन आणि वायफाय असेल तर तो कोपऱ्यात ठेवून द्या. सिम काढून टाका म्हणजे फोन यायचा प्रश्नच नाही.

माजी_स्पॉटविक्या: हे बेस्ट. आणि एफएमसाठी जेल रोडवरून साधा रेडिओ घ्या, बाहेर काढायची लांब एरियल असलेला, यूएसबीवाला चमचमणारा स्पीकर नको. मशीनच्या मोटरजवळ ठेवला तर खरखर येऊ शकते, खिडकीत ठेवा आणि एरियल बाहेरच्या बाजूला वळवा.

शिलाईवाली_रामबाग: चालेल, रेडिओ रविवारी आणते. आईंना आत्ताच अस्मिता लावून दिली, त्यांनी आवाज वाढवायला सांगितलाय, मुली माझ्याकडे बघतायत. चहाची वेळ साडेतीन ठेवू की चार?

मावशी_सुदामानगर: साडेतीन. सासूबाईंना चार सांग.